पिल्लू रात्रभर रडतंय, आज तिसरी रात्र. कोणी जागं आहे का?

उंबरठा | पहाटे ३:४०

एका बोटाने टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. दुसरा हात खोक्यात अडकलाय.

शनिवारी घरी कुत्र्याचं पिल्लू आणलं. नऊ आठवड्यांचं, तपकिरी, जात विचारू नका कारण कुठलीच एक नाही. एक कान उभा, एक पडलेला. नाव गुंड्या. दिवसभर इतका गुणी की शेजारीपाजारी कौतुकाला येतायत. खातो, हुंदडतो, दमला की माझ्या चपलेवर हनुवटी टेकून झोपतो. रात्री अकराला दिवा मालवला की भोंगा सुरू. आधी कुंईकुंई, मग ओरडणं, मग तोंड वर करून असा काही गळा काढतो की पोटात कालवतं.

पहिल्या रात्री स्वयंपाकघरात गोधडी घातली आणि दार लावून घेतलं. "नाटकं असतात, दुर्लक्ष करा, दोन दिवसांत गप होतो" असं तिघांनी सांगितलं होतं. पावणेदोन तास रडला आणि एकदम शांत झाला. आम्हाला वाटलं, जमलं. सकाळी दार उघडलं तर दाराखालच्या फटीला नाक लावून झोपलेला. गोधडीची घडीसुद्धा मोडलेली नाही. आणि सगळीकडे शी. फरशीला, दाराला, त्याच्या चारी पायांना. बायको काही बोलली नाही, पण तिने बादली ज्या आवाजात ठेवली त्यावरून काय ते कळलं.

दुसऱ्या रात्री रडला की जाऊन उचललं. एकूण अकरा वेळा. आज खोकं पलंगाशेजारी आणि माझा हात आत. हात आत आहे तोवर चिडीचूप. बाहेर काढला की दहा सेकंदांत सुरू. मोजलेत. कोपरापासून खाली मुंग्या आल्यात.

हे किती दिवस चालतं? हात देऊन मी वाईट सवय लावतोय का? आणि आठ वाजता मला कामावर निघायचंय. हा प्रश्न नाही, नुसतं सांगतोय.

मोरपीस | पहाटे ३:५२

मी जागी आहे. आमचं पिल्लू दोन पायांचं. तुमचं निदान चार महिन्यांत शहाणं तरी होईल.

शून्य_प्रहर | सकाळी ७:१५

हात काढा. आमच्याकडे आजवर पाच कुत्री झाली, एकाचेही असले लाड केले नाहीत. आठवडाभर रडतात, मग त्यांना समजतं की कोणी येत नाही. तुम्ही अकरा वेळा गेलात म्हणजे रडण्याबद्दल अकरा वेळा बक्षीस दिलंत. आज हात दिलात, उद्या उशी द्याल, परवा तुम्ही खाली आणि तो गादीवर. कुत्र्याला पहिल्या दिवसापासून कळायला हवं घरात कोणाचं चालतं ते.

रानवाट | सकाळी ७:४८

"समजतं की कोणी येत नाही." शून्य, तुमचंच हे वाक्य जरा परत वाचा. नऊ आठवड्यांच्या जिवाला पहिल्याच आठवड्यात हेच शिकवायचंय का?

उंबरठा, हात काढू नका. मी पोरक्या पिल्लांना घर मिळेपर्यंत सांभाळते, त्यामुळे अशा पहिल्या रात्री बऱ्याच काढल्यात. शुक्रवारी रात्री तुमचा गुंड्या कसा झोपला होता ते डोळ्यांपुढे आणा. पाच-सहा भावंडांचा ढीग, त्यात कोणाचा पाय कोणाच्या कानावर, आईच्या पोटाची ऊब, सगळ्यांचा मिळून एक श्वास. जन्मल्यापासून तो एक रात्रही एकटा झोपलेला नाही. शनिवारी ते सगळं एका झटक्यात गेलं आणि तुम्ही त्याला फरशीवर गोधडी दिलीत. गोधडीला ना वास ओळखीचा, ना ती श्वास घेते. ढिगाबाहेर घरंगळलेलं पिल्लू ओरडतं, कारण ओरडलं तरच आईला ते सापडतं. नाटक कसलं, हाक आहे ती.

मी करते ते सांगते. खोकं जमिनीवर न ठेवता भक्कम स्टुलावर, पलंगाला चिकटवून, उशीच्या उंचीला आणा. त्याला तुमचं तोंड दिसलं पाहिजे, श्वास ऐकू आला पाहिजे. (खोक्याच्या भिंती उंच हव्यात, नाहीतर उडी मारेल. आणि स्टूल डगमगतं असेल तर जमिनीवरच गादी टाकून तुम्ही खाली या, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे.) म्हणजे हाताला मुंग्या येणार नाहीत, नुसती बोटं आत सोडली तरी पुरे. दोन-तीन रात्री बोटं. मग बोटं खोक्याच्या काठावर. मग हात पांघरुणात, फक्त आवाज आला तर "आहे रे" एवढंच. यात तो सलग झोपायला लागला की खोकं वीतभर लांब. दोन रात्रींनी आणखी वीतभर. शेवटी जिथे कायम झोपायला हवाय तिथपर्यंत. मध्ये कुठे बिनसलं तर एक वीत मागे या, त्यात काही हरल्यासारखं नाही.

शक्य असेल तर जिथून आणलात तिथे परत जा आणि आईच्या अंगाखालचं एखादं फडकं मागून आणा. ते धुऊ नका, मळकं असलं तरी. आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक या एका गोष्टीने पडतो.

काजवा | सकाळी ८:०५

+१ फडक्याला. आणि गरम पाण्याची पिशवी. टॉवेलात गुंडाळून, खोक्याच्या अर्ध्याच भागात. उकडलं तर बाजूला सरकायला जागा हवी. पाणी कोमट म्हणजे आपल्या मनगटाला सुखद वाटेल इतकंच. उशाशी टिकटिक करणारं घड्याळ ठेवा असंही जुनी माणसं सांगतात. आमच्या सोनीने ते घड्याळ तिसऱ्या दिवशी चावून बंद पाडलं, तेव्हा उपयोग झाला की नाही सांगता येत नाही.

जुना_वाडा | सकाळी ८:३०

ऊब झाली, वास झाला. आता मुद्द्याचं बोलू, म्हणजे सू.

उंबरठा, त्या अकरा वेळांपैकी दोन-तीन वेळा त्याला खरंच लागली असणार आणि आठ वेळा एकटं वाटलं असणार. तुम्ही दोन्हीला एकच उत्तर दिलंत, उचलून घेतलंत. त्यामुळे त्याचाही गोंधळ आणि तुमचाही.

ढोबळ हिशेब असा: पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा, साधारण तितके तास ते सू धरू शकतं. म्हणजे गुंड्या फार तर तीन तास. रात्री हालचाल नसल्यामुळे थोडं जास्त ताणतात, पण भरवसा नको. अकराला झोपवलात तर दोनला उठवायचं, पुन्हा पाचला. तो रडायच्या आधी तुम्ही उठायचं. गजर लावा. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आणि कोणी करत नाही, कारण झोपलेलं पिल्लू उठवायला जिवावर येतं. पण रडल्यावर नेलंत तर तो शिकेल की रडलं की नेतात. आधीच नेलंत तर रडायची वेळच येत नाही. आठवड्याभराने गजर पंधरा-वीस मिनिटं पुढे ढकला, मग आणखी. एक दिवस दोनचा गजर गळून पडतो, मग पाचचा सहा होतो. चारेक महिन्यांचं झाल्यावर बरीचशी पिल्लं रात्र काढतात. काहींना जास्त लागतं.

आता नेण्याची तऱ्हा. दिवा नाही. बोलणं नाही. उचलायचं (चालवत नेलंत तर वाटेतच कार्यक्रम उरकतो), एकाच ठरलेल्या जागी ठेवायचं, दोरी लावून, आणि आपण खांबासारखं उभं राहायचं. पाच मिनिटं. केली तर हळू आवाजात एक "शाब्बास" आणि परत खोक्यात. नाही केली तरी परत खोक्यात. तिथे दिवा लावलात, "अले माझं शोनुलं" म्हणालात, की त्याच्या हिशेबी सकाळ झाली. मग तो तुमच्या पायजम्याचं टोक धरणार आणि तुम्ही तीन वाजता पुन्हा इथे लिहायला येणार.

शून्य_प्रहर | सकाळी ९:१०

रात्री दोनदा उठा, खांबासारखे उभे राहा, स्टुलावर खोकं. कुत्रा पाळताय की संस्थान चालवताय?

निळी_शाई | सकाळी ११:२०

शून्य_प्रहर यांच्या "कोणाचं चालतं" या मुद्द्यावर थोडं. कळपाचा म्होरक्या, त्याचा दरारा, ही कल्पना रूढ व्हायला लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्या १९७० च्या पुस्तकाचाही हातभार लागला होता. पुढे त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं, आईबाप आणि त्यांची पोरं. म्होरके म्हणजे आईबापच, लढून जिंकलेले कोणी नव्हेत. म्हणजे ज्यांच्या नावावर ही गोष्ट चालते त्यांनी स्वतःच ती मागे घेतली, पण बातमी अजून सगळीकडे पोचलेली दिसत नाही.

दुसरं, रडण्याबद्दल. याक पँकसेप नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकट्या ठेवलेल्या पिल्लांना मॉर्फिन या तीव्र वेदनाशामक औषधाची अगदी कमी मात्रा दिली तर त्यांचं रडणं कमी होतं, असं त्यात दिसलं. मेंदूत वेदना शमवणारी जी रसायनं असतात, तीच सोबतीच्या सुखातही काम करतात, असा त्यांचा रोख होता. सोप्या भाषेत, पिल्लाला एकटं राहणं दुखतं. (मॉर्फिन वाचून कोणी घरातलं औषधांचं कपाट उघडू नये.)

दवाखान्यातली | दुपारी १:०५

कंसातल्या वाक्यासाठी निळी_शाई यांचे आभार, कारण मी तेच लिहायला आले होते. मी प्राण्यांची डॉक्टर आहे. "थोडं झोपेचं औषध देऊ का" आणि "बाळाच्या सर्दीचं सिरप चालेल का" हे दोन प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतात. नाही. माणसांची औषधं देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांनी पिल्लू दगावू शकतं.

रात्रीचं रडणं बहुतेक वेळा एकटेपणाचं किंवा सूचं असतं, हे वर आलंच आहे. पण पुढचं काही दिसलं तर धाग्यावर विचारत बसू नका, दवाखाना गाठा. दर दहा-पंधरा मिनिटांनी थेंब थेंब सू, करताना कण्हणं. पोट फुगून टणक झालेलं. पातळ शी, त्यात रक्त, सोबत उलट्या. किंवा दिवसासुद्धा मलूल, खाण्याकडे बघत नाही. तुमच्या गुंड्याचं पहिल्या रात्रीचं "सगळीकडे शी" हे भीतीने आणि कोंडल्यामुळे असू शकतं, तरी ती पातळ होती का हे बघून ठेवा. नव्या घरी आल्यावर खाणं एकदम बदललं तरी पोट बिघडतं, म्हणून पहिले आठ-दहा दिवस तिथे जे खात होता तेच द्या, नवीन हळूहळू मिसळा. जंतांचं औषध झालंय का तेही विचारून घ्या. जंत असतील तर पोटात कळ येते आणि पिल्लू अस्वस्थ असतं.

अंग गरम लागलं म्हणून घाबरू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, आपल्या हाताला ते तापासारखंच वाटतं.

रात्री सूला बाहेर नेणार असाल तर जागा जपून निवडा. लसींचा क्रम साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत चालतो आणि पार्व्होचा (उलट्या आणि रक्ताची शी होऊन पिल्लू दगावू शकतं त्या आजाराचा) विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. अनोळखी कुत्री फिरतात तिथे अजून खाली सोडू नका. गच्ची, गॅलरी, घराचं बंदिस्त अंगण, नाहीतर न्हाणीघराचा कोपरा. कडेवर घेऊन जग दाखवायला मात्र जरूर न्या. हेच वय त्याचं जग ओळखायचं आहे.

कुंपण | दुपारी २:३०

धागा पळवत नाही, पण आमची चिंगी दहा आठवड्यांची आणि अगदी चिमुकल्या जातीची आहे, एक किलोसुद्धा नाही. रात्री शेवटचं खाणं सातला देते म्हणजे सू कमी होईल. काल पहाटे उठवलं तर लटपटत होती, डोळे कसेतरीच. थंडी असेल का?

दवाखान्यातली | दुपारी २:४१

कुंपण, थंडी नसावी, साखर उतरलेली असू शकते. इतक्या लहान चणीच्या पिल्लांत साठाच नसतो, लांब उपास झाला की लटपटतात, गळून जातात, झटकेही येऊ शकतात. पुन्हा असं दिसलं आणि ती शुद्धीत असेल तर हिरड्यांना थोडा मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि तडक डॉक्टरांकडे. आजच एकदा दाखवूनही आणा. खाणं दिवसातून चार-पाच वेळा, शेवटचं झोपायच्या आधी. सू होईल तर होऊ दे, फरशी पुसता येते.

कुंपण | दुपारी २:४४

निघाले.

उंबरठा | संध्याकाळी ६:५०

सगळ्यांचे आभार. ऑफिसात डुलकी काढताना पकडला गेलो, पण साहेबांकडेही कुत्रा आहे असं निघालं, त्यामुळे सुटलो.

स्टूल मिळालं. फडकं आणायला रविवारी जाईन. पण एक सांगा, आत्ता या क्षणी तो वेड लागल्यासारखा गोल गोल पळतोय, सोफ्याच्या पायाला चावतोय, मला चावतोय, स्वतःच्या शेपटीला चावतोय. आम्ही त्याला दुपारपासून मुद्दाम झोपू दिलं नाही. रात्री दमून झोपेल म्हणून. बरोबर केलं ना?

जुना_वाडा | संध्याकाळी ७:०२

अरे देवा.

रानवाट | संध्याकाळी ७:१०

उलट केलंत. सगळेच करतात, वाईट वाटून घेऊ नका. या वयाचं पिल्लू दिवसाला १८ ते २० तास झोपतं. तुम्ही दमवलंत तर ते झोपत नाही, किरकिरं होतं, आणि त्याच्या किरकिरीला सुईसारखे दात असतात. माणसाच्या मुलाचंही तेच. पाहुणे उठेपर्यंत जागं ठेवलेलं पोर रात्री किती छळतं ते मोरपीसला विचारा.

साधारण तासभर जागं, दीड-दोन तास झोप, असा दिवस आखा. त्याच खोक्यात, थोडा अंधार करून. दिवसाची झोपही तिथेच झाली की खोकं म्हणजे रात्रीची शिक्षा असं त्याच्या मनात बसत नाही. आत्ता काय करा, दिवे मंद करा, कोपऱ्यात बसा, चघळायला काहीतरी द्या. दहा मिनिटांत कलंडेल. शेवटचं दंगामस्तीचं खेळणं झोपायच्या आधी तासभर तरी संपलेलं असू दे. चघळणं आणि चाटणं मात्र चालेल, त्याने पिल्लं शांत होतात.

मोरपीस | संध्याकाळी ७:१५

विचारू नका.

उंबरठा | संध्याकाळी ७:२३

आठव्या मिनिटाला कलंडला. चार पाय वर.

पाऊलखुणा | रात्री ९:३०

पुठ्ठ्याचं खोकं किती दिवस पुरणार? क्रेट (दार असलेला जाळीचा पिंजरा) आणलात तर तीन गोष्टी. आकार एवढाच की उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं. मोठा आणलात तर एका टोकाला शौचालय, दुसऱ्या टोकाला शयनगृह अशी सोय ते स्वतःच करून घेतं. वाढेल म्हणून मोठाच घ्यायचा तर मध्ये आडोसा टाकता येईल असा बघा. दुसरं, पहिल्याच रात्री आत ढकलून दार लावू नका. दोन-तीन दिवस दार उघडं ठेवून खाणं आत द्या, खेळणं आत टाका, तो आपण होऊन आत जाऊन झोपला की मग दार आधी नुसतं टेकवायचं. तिसरं म्हणजे आत ठेवताना गळपट्टा काढा. जाळीत अडकून फास बसतो. ही तिसरी गोष्ट मी शेजारच्या कुत्र्याच्या बाबतीत डोळ्यांनी बघितली आहे. वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं.

शून्य_प्रहर | रात्री १०:०५

एक विचारतो. हे सगळं मान्य केलं, तरी प्रत्येक आवाजाला धावायचं का? आमचा शेवटचा कुत्रा आयुष्यभर हाक मारल्यासारखा भुंकायचा.

रानवाट | रात्री १०:३०

हा प्रश्न रास्त आहे. नाही, प्रत्येक आवाजाला नाही. ऐकायला शिकावं लागतं. झोपताना पिल्लू जरा कुरकुरतं, उसासे टाकतं, जागा बदलतं, पुन्हा कुरकुरतं. आवाज खाली खाली येत जातो. त्याला हात लावू नका, दोन-तीन मिनिटं वाट बघा, बुडेल झोपेत. झोपेत पाय झाडतं, बारीक भुंकतं, तेव्हा तर अजिबात उठवू नका, स्वप्न असतं ते. पण आवाज वर वर चढत गेला, धाप लागली, जाळीला पंजे मारायला लागलं, तर ती घबराट आहे. त्यात सोडून दिलं की शिकत काहीच नाही, फक्त घाबरतं. गाढ झोपेतून उठून एकदम टोकदार कुंई केली तर सू.

पहिल्या दोन रात्री सगळे आवाज सारखेच वाटतात. चौथ्या-पाचव्या रात्री तुम्ही झोपेतसुद्धा फरक ओळखता.

शून्य_प्रहर | रात्री १०:४१

ठीक. दोन-तीन मिनिटं वाट बघा यावर तरी आपलं एकमत.

उंबरठा | पाचवी रात्र, सकाळी ६:४०

हिशेब देतो. १०:४५ ला गॅलरीत सू, अकराला खोक्यात. कुरकुर चार मिनिटं, घड्याळ लावून बघितली, आवाज खाली येत गेला. बोटं आत. दोनचा गजर, उचलला, खांब झालो, त्याने केली. परत आलो तर पाच मिनिटांत झोपला. पाचला पुन्हा. आणि मग सहा वाजून वीस मिनिटांनी मीच दचकून उठलो, कारण शांतता होती.

एक चूक झाली ती लिहितो, कोणाला उपयोग होईल. खोलीच्या कोपऱ्यात त्याने संध्याकाळी सू केली होती. मी उग्र वासाच्या क्लीनरने घासघासून पुसली. त्यानंतर दोनदा त्याच जागी जाऊन उभा. का?

दवाखान्यातली | सकाळी ७:३०

बाटली वाचून बघा, त्यात अमोनिया असेल. सूच्या वासातही तोच असतो. तुमच्या नाकाला स्वच्छ वाटलं, त्याच्या नाकाला पाटी लावल्यासारखं झालं, "येथे करावी". पाळीव प्राण्यांसाठी एन्झाइम असलेलं द्रावण मिळतं ते वापरा, ते वासाचं मूळच मोडतं. फिनाईलही टाळा, ते चाटलं तर विषारी असतं.

कुंपण | सकाळी ८:००

चिंगी बरी आहे. साखर उतरलीच होती. आता रात्री साडेदहाला खाते, मी साडेतीनला उठून पुन्हा चार घास देते. दवाखान्यातली ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

दवाखान्यातली | सकाळी ८:०२

फरशी पुसा. :)

उंबरठा | नववी रात्र

फडकं आणलं. आईच्या अंगाखालचं, धुतलेलं नाही, आणि त्याला जो वास येतो त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. गुंड्याने आधी त्यात नाक खुपसलं. मग ते चारी बाजूंनी पंजांनी ओढून गोळा केलं, तीन गिरक्या घेतल्या आणि त्यावर असा पडला जणू कोणीतरी आतली कळ बंद केली. बायको बघत होती. पहिल्या दिवशी बादली आपटणारी तीच. ती म्हणाली, "खोकं आज माझ्या बाजूला ठेव."

हात पांघरुणात. खोकं वीतभर लांब. दोनचा गजर आता अडीचला.

काजवा | नववी रात्र

बाजू बदलल्या म्हणजे रात्रीची पाळीही बदलली का? करार आधी लेखी करून घ्या.

उंबरठा | बारावी रात्र

घसरलो. पाहुणे होते, मुलं होती, दिवसभर झोप नाही, खोकं दुसऱ्या खोलीत हलवलेलं. रात्री पहिल्या दिवसासारखा गळा काढला. दीड तास. सगळं पाण्यात गेलं का?

जुना_वाडा | तेराव्या दिवशी सकाळी

काही गेलं नाही. खोकं परत जुन्या जागी, बोटं आत, दोन रात्री. पहिल्यांदा पाच रात्री लागल्या ते आता दोनेक रात्रींत होईल, त्याला वाट माहीत आहे. आणि एक, दिवसाही त्याला थोडं थोडं एकटं राहू द्या. तुम्ही दुसऱ्या खोलीत जा, अर्ध्या मिनिटात या, काही न बोलता. मग दोन मिनिटं, मग पाच. दिवसभर पायात घोटाळणारं पिल्लू रात्री एकदम एकटं कसं राहील?

उंबरठा | पंधरावी रात्र

दोन नाही, एकच रात्र लागली.

पाऊलखुणा | महिन्याभराने

धागा वर काढतोय. गुंड्याचं काय झालं? आमच्याकडे परवा नवीन पाहुणा येतोय, सगळे प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलेत.

उंबरठा | त्याच रात्री ११:५५

लिहायचं राहूनच गेलं, कारण रात्री जागा नसतो. आता क्रेट, दाराशेजारी, पलंगापासून नऊ वीत. दोनचा गजर गेला. एकदाच पाचला उठतो, तेही रोज नाही. कान अजून एकच उभा. झोपताना स्वतःच आत जातो, फडकं गोळा करतो, तीन गिरक्या. फडक्याचा आता फक्त एक चिंध्यांचा बोळा उरलाय, पण काढायची हिंमत कोणाची नाही.

काल रात्री तीनला जाग आली. काहीच आवाज नाही. कुंई नाही, उसासा नाही. मला वाटलं, श्वास घेतोय ना? पाय न वाजवता गेलो, मोबाईलचा उजेड केला, वाकून बघितलं. पोट वरखाली होत होतं. हायसं वाटलं. तेवढ्यात त्याने एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं, शेपटी जाळीवर आपटली, आणि पुढचे पावणेदोन तास आम्ही दोघंही हॉलमध्ये चेंडू खेळत होतो.

शून्य_प्रहर | रात्री १२:०४

दार लावून घ्या. दुर्लक्ष करा. दोन दिवसांत गप व्हाल.